वजन कमी भरल्याबद्दल मामांस

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (घोड्यांनी हा नमस्कार माझ्याकडून भर मैदानात इतक्यांदा घालून घेतला आहे की त्यातली आठही अंगं मला वेगवेगळी ओळखता येतात, तुम्हाला घातलेला मात्र मनापासूनचा आहे.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचे गुलाब कसे आहेत? मी इकडे बरा आहे. म्हणजे रविवारपर्यंत फार बरा होतो, आता नुसता बरा आहे, आणि मधे जे घडलं ते कळवायला हे पत्र लिहितो आहे. मामींना वाचून दाखवताना कंसातला मजकूर गाळलात तरी चालेल.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलंत की आता तरी हे घोड्यावर बसणं कधी थांबवणार. मामा, बसवलंत तुम्हीच. आमच्या घरी दाराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या खुणा करायची पद्धत होती आणि पुढेपुढे त्या खुणा एकमेकींवरच पडायला लागल्या. आईने आधी पेन्सिलला दोष दिला, मग चौकटीला, मग माझ्या वडिलांच्या घराण्याला. तुम्ही तेव्हा जॉकींचे रंगीत सदरे शिवत होतात. तुम्ही म्हणालात, "त्याला उंची नसली तर नसू दे, घोड्याला आहे ना!" आणि तयार सदऱ्यांच्या गठ्ठ्याबरोबर मलाही तबेल्यात पोचवून आलात. (सदरे अधूनमधून दुरुस्तीला परत यायचे. मी तेवढ्यासाठीही आलो नाही, हे तुमचं म्हणणं मान्य आहे.)

लोकांना वाटतं, घोडा पळवणं हे जॉकीचं काम. घोडा आपला आपण पळतो, त्याला कोणी सांगावं लागत नाही. जॉकीचं खरं काम म्हणजे न जेवणं. रेसमध्ये कोणत्या घोड्याने किती वजन न्यायचं हे ठरलेलं असतं, आणि ते भरलं पाहिजे माणूस आणि खोगीर मिळून. रेसच्या आधी खोगीर कवटाळून काट्यावर बसायचं, आणि जिंकून आलं की पुन्हा तसंच बसायचं. वजन जास्त असेल तर घरी बसायचं. कमी असेल तर तेवढ्या शिशाच्या पट्ट्या देतात, त्या खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत घालायच्या. आता माझी गंमत अशी, की उभं वाढायचं जे राहिलं ते सगळं आडवं वाढायला टपलेलं असतं. अर्धा टोस्ट सकाळी आणि उरलेला अर्धा दुपारी बघायला, असा माझा खुराक. भर उन्हात लोकरीचा ओव्हरकोट घालून धावतो. आमच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा आता माझ्यावर भुंकत नाहीत, नुसती कीव आल्यासारखी बघतात. बेकरीसमोरून जायचं झालं तर मी रस्ता ओलांडतो. (पलीकडेही बेकरी निघाली आहे. आता रस्त्याच्या मधून चालतो.) एवढं करून सगळ्या आयुष्यात काट्याने मला एकच शब्द ऐकवला, तो म्हणजे 'जास्त'.

मी जिच्यावर बसतो त्या घोडीला तबेल्यात सगळे बाईसाहेब म्हणतात. कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण त्याला ती कान हलवत नाही. तिचं वय झालं आहे आणि रेस सुरू झाल्यावर आधी प्रेक्षक कोण कोण आलेत ते पाहून घ्यायची तिला खोड आहे, त्यामुळे बरेच दिवस आम्ही कुठे पहिले आलो नव्हतो. रविवारच्या आधी मालकांनी ट्रेनरना आणि ट्रेनरनी मला सांगितलं, की या खेपेला पहिली आली तर राहील, नाहीतर विकून टाकणार. कोणाला विकणार ते मी विचारलं नाही. म्हाताऱ्या घोड्यांना घेणारा दलाल एकच आहे आणि त्याने नेलेला घोडा पुन्हा कोणाला दिसलेला नाही.

आणि नेमका त्याच सुमाराला मला ताप भरला. तोंडाची चव गेली, अर्धा टोस्टसुद्धा नको झाला, आणि रविवारी काट्यावर बसलो तर, मामा, मी चक्क कमी भरलो! काटेवाल्या साहेबांनी शिशाच्या पट्ट्या काढून माझ्या हातात ठेवल्या. कोणी पदक दिलं असतं तरी मला एवढं कौतुक वाटलं नसतं. मी त्या इतर जॉकींना नेऊन दाखवल्या. एकाला हातात धरूनही बघू दिल्या.

रेस सुरू झाली. बाईसाहेबांनी प्रेक्षक पाहून घेतले. शेवटच्या वळणावर मी तिच्या कानाशी वाकून दोन शब्द बोललो. (ते मामींसमोर वाचण्याजोगे नाहीत, म्हणून कंसातही लिहीत नाही.) त्यानंतर ती अशी काही सुटली की मला फक्त वर टिकून राहायचं काम उरलं. मानभर अंतराने पहिली आली! मी तिच्या मानेला मिठी मारून रडलो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

उतरलो, नेहमीच्या सवयीने पट्टे सोडले, खोगीर खांद्यावर टाकलं आणि काट्यावर जाऊन बसलो. खोगिराखालच्या कापडाचे खिसे आजवर नेहमी रिकामेच असायचे, त्यामुळे ते कापड तसंच घोडीच्या पाठीवर ठेवायची मला सवय. काटा वर चढला आणि बऱ्याच अलीकडे थांबला. मामा, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी साहेबांना म्हणालो, बघा, आणखी हलका झालो! त्यांनी चष्मा काढून पुसला. मी त्यांना पुन्हा एकदा नीट बघा म्हणालो. मीच आग्रह केला हो. अखेर त्यांनी फार मायेने विचारलं, "शिसं कुठे आहे तुझं?"

खिडकीतून दिसत होतं. म्हातारा मोतद्दार बाईसाहेबांना घाम वाळवायला फिरवत होता आणि शिसं तिच्या पाठीवर, कापडाच्या खिशांत बसून मजेत फेऱ्या मारत होतं. काट्यावर एकदा बसलं की बाहेरून काही घेता येत नाही. वजन कमी भरलं म्हणून आमची रेस बाद झाली आणि पहिला नंबर दुसऱ्या घोड्याला गेला. ट्रेनर मालकांच्याही वाटचं बोलले.

माझं काय व्हायचं ते होवो, पण तिचं मला फार वाईट वाटलं. तिने आपलं काम चोख केलं होतं. चुकलो मी, आणि निघायचं तिने! आपण हरलो हे तिला अजून कोणी सांगितलेलं नाही. ती मान वर करूनच हिंडते आहे. दुसऱ्या दिवशी दलाल आला. त्याने तिचं नाव विचारलं नाही, वय विचारलं नाही, वजन विचारलं. वजन विचारणाऱ्यांची मला सवय आहे, पण त्याने विचारल्यावर मी मधे पडून मालकांना काहीतरी बोलून बसलो. ते असो. बाकी सर्व क्षेम. मला काही दिवस घरी बसवलं आहे आणि मी दोन्ही बेकऱ्यांशी समेट केला आहे. मामींना माझा नमस्कार सांगा आणि खोकल्याला जपा.

तुमचा,
कमी भरलेला भाचा

ता. क. तुमच्या परसातली ती पत्र्याची शेड, जिच्यात शिलाईची जुनी मशीनं ठेवली आहेत, ती कोरडी असते का? छत साधारण किती उंच असेल? सहज विचारतो.

दुसरा ता. क. सहज विचारलेलं नाही. मी मालकांना म्हणालो, त्याला देऊ नका, मी नेतो. ते म्हणाले, मग घेऊन जा, उद्या सकाळी ठाण रिकामं पाहिजे. माझी खोली वरच्या मजल्यावर, जिना अरुंद. (बाईसाहेबांना नुसता दाखवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.) मामा, तुमच्याशिवाय मला कोण आहे? ती गुलाब खात नाही. निदान आजवर तिला कोणी दिलेले नाहीत. डॉक्टरांनी तुम्हाला रोज सकाळी चालायला सांगितलंय आणि सोबत नाही म्हणून तुम्ही टाळता, असं मामींनी कळवलं होतं. मीही इथला हिशेब मिटवून, पुढच्या आठवड्यात बाडबिस्तरा घेऊन कायमचा येतो. तुम्ही विचारलं होतंत त्याचं उत्तर हेच समजा. तुम्ही नाही म्हणालात तर मला राग येणार नाही.

शेवटचा ता. क. फक्त आता नाही म्हणायला थोडा उशीर झाला आहे. हे पत्र मी टपालात टाकलेलं नाही, ट्रकच्या ड्रायव्हरच्या हातात दिलं आहे. तुम्ही वाचत असताना तो तुमच्या दाराशी उभा असेल आणि त्याच्यामागे ती. पत्राचं उत्तर सवडीने लिहा, मामा, पण फाटक आधी उघडा. तिला अनोळखी जागेची भीती वाटते.