बाच्या कागदावर माझा अंगठा

कमलेश, फोन उचलत नायस, म्हणून ह्या वयात मला कागद खरडायला लावलास. आता आयचा आशीर्वाद घे.

बोयसरला तुझ्या लेकीकडं, दीपालीकडं मी बरी हाय. पोरगी मात्र घास तोंडात धरून बसते. वाचा गेलेल्या माणसांवर ती पीएचडीचा प्रबंध लिहिते, त्यात तुझ्या बाचा तुटका आवाज भरून घेतलाय. पण त्याच्या परवानगीच्या कागदावर अंगठा माझा हाय. रेशनला त्याच्यासाठी मीच लावते, तसाच लावला. कॉलेजच्या मॅडमना हे मीच ऐटीत सांगितलं. आता प्रबंध रद्द होईल म्हणतात.

बा जेवतो का? आवाज भरायला तिनं टेप लावला की तो भिंतीकडं तोंड फिरवायचा, हे मी कुणाला बोलले नाय.

सोमवारी मॅडम मासवणला घरी बालाच विचारायला येतील. तुझी आय लाडकी सांगते, तू बोलायचं नाय, सुनेनं बोलायचं नाय. होय का नाय, ते त्यानंच मान हलवून सांगायचं.