हेमांगीताईची सुकेळी

आई, इथूनच तुझ्या पाया पडते.

पंजाबातल्या थंडीत मी ठणठणीत आहे. मेसचं जेवणही आता घशाखाली उतरतं.

काल हेमांगीताई कोच म्हणून भारताच्या ज्युनियर मुलींना घेऊन आमच्याशी सराव सामना खेळायला आली होती. ती या विद्यापीठाची कॅप्टन होती तेव्हाचा फोटो अजून जिममध्ये आहे. ती आत आली तशी आमची अख्खी टीम उठून उभी राहिली. मीपण! तोंडातून ताईऐवजी चक्क 'मॅडम' निघालं.

तू आपली राजेळी केळी वाळवून पाठवलेली सुकेळी मी तिला दिली. मध्यंतरात तिने एकेका मुलीच्या हातावर तुकडा ठेवला. म्हणाली, "माझ्या आईच्या हातची आहेत. भारताकडून खेळताना प्रत्येक मध्यंतरात मी हेच खायचे." तुला ठाऊक होतं?

तिच्या गुडघ्याचं विचारलंस ना? जिना उतरताना कठडा धरते. मैदानात मात्र मुलींच्या पुढे धावते.

बाबांचा खोकला कसा आहे? आगाशीच्या वाडीतली राजेळीची झाडं तोडून भाड्याचे गाळे बांधायचं म्हणत होते, त्यांना एवढंच सांग: भारताच्या पोरी विचारत होत्या, "अजून आहेत का?"

तुझी,
अश्लेषा