वरची घंटा

१६ जून, सोमवार

आज पुन्हा कुलूप! मंदारनं जाळीचं दार ओढलं, बाहेरून कुलूप लावलं, खेचून पाहिलं. "बाबा, तुमच्याच भल्यासाठी."

एकदाच चुकलो होतो. भाजीला म्हणून निघालो, भलत्याच बसमध्ये बसलो आणि एग्मोर स्टेशनवर पोलिसांना सापडलो. जन्मभर एसटीत कंडक्टर, आणि इथली तमिळ पाटी वाचता येईना! त्याची ही शिक्षा.

मंदार दिवसभर ओरगडमच्या कारखान्यात, फोन लॉकरमध्ये. सूनबाई ऋजुता ऑफिसात, नात कौमुदी शाळेत. छातीत कळ आली तर? दारावरची बेलसुद्धा बाहेरच्या अंगाला. आतल्या माणसाला तिचा काय उपयोग!

१७ जून

जेवताना वाद. कौमुदीला शाळेत इंग्रजी वाक्प्रचार दिलाय — 'सेव्हड बाय द बेल'. कुठून आला ते शोधा.

मंदार म्हणाला, "बॉक्सिंगमधून. मार खाऊन पडायला आला की फेरी संपल्याची घंटा होते. वाचला."

ऋजुता म्हणाली, "मी वेगळंच ऐकलंय. पूर्वी तिकडे चुकून जिवंत माणसंही पुरली जायची. म्हणून पेटीत हाताला दोरी बांधायचे, दोरीला वर घंटा. जाग आली की ओढायची."

"व्हॉट्सअॅप विद्यापीठ!"

"तू कुठल्या आखाड्यात होतास रे?"

"भांडू नका ना. मिसनं एकच खरं उत्तर मागितलंय!"

सगळे हसले. मी ताटावरून उठलो.

१८ जून

झोप नाही. दोरी ओढणं मला कुणी शिकवायला नको. एक टोला — थांबा. दोन — चला. पण पुढे ड्रायव्हर बसलेला असायचा. मातीखालच्याचं ऐकायला कोण बसलंय?

कौमुदीला विचारलं. म्हणाली, "आजोबा, तशा पेट्या केल्या होत्या खऱ्या. पण त्या घंटेनं कुणी वाचल्याचा पुरावाच नाही. बॉक्सिंगचंच बरोबर दिसतंय."

कुणीच नाही!

२० जून

वरच्या मजल्यावर कनकाबाई राहतात. तंजावरकडच्या मराठी. तोंड कधी पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज तेवढा ओळखीचा. सकाळी त्यांच्या पूजेची घंटा ऐकू येते. आज धीर करून हाक मारली. कुलुपाचं सांगितलं नाही — लाज वाटली. एवढंच म्हणालो, दिवसभर एकटा असतो, प्रकृतीचा भरवसा नाही. पूजेनंतर रोज दोन टोले देईन. म्हणजे ठीक आहे. एकेकच टोला वाजत राहिला तर समजा, काहीतरी झालंय.

त्या खूप हसल्या. "सरी, सरी, बरं! मीही तसंच करीन हो, कंडक्टरराव. भिऊं नका, मी आहें."

२३ जून

दोन टोले. वरून दोन. काल रविवारी मंदारकडे एक किल्ली मागणार होतो. नाही मागितली. कशाला कटकट? आता वर माणूस आहे.

२५ जून, बुधवार



दुपारी वीज गेली. इन्व्हर्टर घूं घूं करायला लागला, मग जळका वास, मग धूर! मंदारचा फोन वाजून वाजून बंद. ऋजुताचाही. जाळीपाशी ओरडलो, समोरचे सगळे कामावर. देवघरातली घंटा घेतली. एक टोला. एक. एक. वरूनही लगेच घंटा आली! एकेक टोला, सारखा. आता पावलं वाजतील, आता जिन्यावर दिसतील — जाळी धरून उभा. कोणी आलं नाही. नुसती घंटा!

शेवटी नाकाला पंचा लावून मीच बटण बंद केलं. धूर हळूहळू गेला.

मंदार आल्यावर म्हणाला, "बंद केलंत ना? मग झालं तर."

झालं तर!

२६ जून

दोन टोले आले. मी उत्तर दिलं नाही. म्हणे मी आहें! खोटारडी बाई. पुन्हा दोन टोले. पुन्हा. मी कान झाकून बसलो.

संध्याकाळी कौमुदीला वर पाठवलं. विचारून ये म्हटलं, काल का नाही आलात?

पोरगी खाली आली.

"आजोबा, त्यांच्याही जाळीला बाहेरून कुलूप आहे. किल्ली मुलाकडे. धूर वर गेला, त्या पण घाबरून घंटाच वाजवत होत्या. म्हणाल्या, मला कांही झालं तर कंडक्टरराव धावत वर येतील, या भरवशावर होतें मी. आज उत्तर नाही म्हणून रडत होत्या."

२७ जून, शुक्रवार

वही घेऊन उंबऱ्यावर बसलोय. मंदार कुलूप हातात धरून उभा. कोपऱ्यावर त्याच्या कंपनीची बस हॉर्न देतेय. "बाबा, उठा ना!"

वरून दोन टोले आले. आज गाडी हलणार नाही.