मुलीच्या घरचं पाणी

१२ फेब्रुवारी २००६
आज आणखी एक समिती मारेगावात येऊन गेली. कापसाचं काय करावं ते सांगायला. चकचकीत गाड्या, प्रत्येकाच्या हातात सीलबंद बाटली. शेजारच्या इंदूबाईनं तांब्या पुढे केला, तर साहेब म्हणाले, नको नको, आहे आमच्याजवळ. गावचं पाणी न पिता गावाला इलाज सांगतात! संताप. नलूला म्हटलं, असल्यांना वेशीवरूनच परत लावलं पाहिजे. ती म्हणाली, "आधी समोरच्या खोलीतला कापूस हलवा. पाहुण्याले बसाले जागा नाही." बायकोला व्यापक विचार जमत नाही.

१९ फेब्रुवारी
उर्वशीचा फोन. तिच्या सासरी, म्हणजे रत्नागिरीकडच्या खाडीकाठी, उधाणाचं पाणी आता अंगणात येतं. दरवर्षी थोडं पुढे. गावात दोन तट. घरं वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या माळावर न्यायची, की खाडीला बांध घालून इथंच राहायचं? जावई राजदीप वर जाऊ म्हणतात. व्याहीबुवांचं मन होत नाही. "बाबा, तुम्ही या अन् सोताच्या डोयानं पाहा. मामंजी तुमचं ऐकतीन."
ऐकतीलच. अकरावीला समुद्राचा धडा मीच शिकवतो. समुद्र पाहिलेला नाही, हा तांत्रिक मुद्दा. लांब राहिलं की तटस्थपणे विचार करता येतो.
संकल्प : पुस्तक लिहायचं. 'वाढता समुद्र : किनाऱ्यानं काय करावं?' रोज पाच पानं.

२६ फेब्रुवारी
पुस्तक : शीर्षक पूर्ण. कापसाचे तंतू नाकात जातात, त्यामुळे पुढे सरकलं नाही.

१२ मार्च
उर्वशीला चौथा महिना. नलूनं डिंकाचे लाडू बांधले. निघताना पाण्याचा कॅन भरायला घेतला, तर तिनं वाद काढला. मुलीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, एवढं साधं आहे. माझे वडील मारोतराव कधी घेत नसत. नलू म्हणे, "मुहूर्त पायला नाही, पत्रिका पायली नाही, वंदना घेऊन पोरीचं लग्न लावलं. मंग हे एकच काहून धरून बसले?" मी समजावलं, ही रूढी नाही, तत्त्व आहे. लोक बघतात आणि 'काय माणूस आहे' म्हणतात, ते काही मुख्य कारण नाही.
कॅन भरला. हापशीचं पाणी.

१४ मार्च, पौर्णिमा
समुद्र पाहिला. म्हणजे खाडी. उधाण होतं. पाणी येतं ते आवाज न करता येतं. अंगणातल्या चपला तरंगायला लागल्यावर कळलं. मी ओट्यावर चढलो ते निरीक्षणासाठी. त्यात लाज कसली?
उर्वशीचा चेहरा उतरलाय. पोचताच तिनं पेला पुढे केला. मी कॅन दाखवला. व्याहीबुवांना भरून आलं. अशी माणसं आता राहिली नाहीत, म्हणाले. बरं वाटलं.

१५ मार्च
सकाळी उर्वशी पुन्हा पेला घेऊन हजर. "बाबा, एक घोट घेऊन त पाहा. पायजे त गिळू नका." लाडकी आहे. डोक्यावर हात ठेवून तत्त्व समजावलं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात सभेचं बोलावणं आलं.
सभा गाजवली. बांध किती उंच हवा, पावसाचं पाणी बाहेर सोडायला झडप कुठे हवी, बाहेरच्या अंगानं तिवरं कशी लावावीत. सगळं बरोबर सांगितलं. शेवटी म्हटलं, घर सोडून पळणं हा इलाज नव्हे! टाळ्या. व्याहीबुवा उठून म्हणाले, "प्रोफेसरसाहेब सांगतायत, तर आता वर जायचं नाय." राजदीप खाली बघत बसले होते. तरुणांना धीर नसतो.
(मी प्रोफेसर नाही, ज्युनिअर कॉलेजला आहे. दुरुस्ती करायला वेळ मिळाला नाही.)

२८ एप्रिल
बांध झाला! सगळं गाव खपलं. कालच्या अमावास्येच्या उधाणाचा थेंब आत आला नाही. स्टाफरूममध्ये सांगितलं. मधल्या सुट्टीनंतर पुन्हा सांगितलं.

१४ मे
उर्वशीच्या पायांना सूज, डोकं दुखतं. फोनवर सांगितलं, मीठ कमी कर. म्हणाली, "भाजीत मीठ टाकतच नाही आम्ही आता, बाबा." खोटं बोलते. तिकडे लोणची, सुकट फार. पुस्तकात आहारावर एक प्रकरण घ्यावं.

१८ जून
उर्वशी बाळंतपणाला आली. घरात यायच्या आधी हापशीवरच थांबली. इंदूबाई हापसत होती, ही ओंजळीनं पीत होती. पदर भिजला तरी थांबेना. नलू रडायला लागली. आनंदानं असेल.

१९ जून
वणीला डॉक्टरकडे. बीपी फार वाढलंय. आईचं आणि बाळाचं, दोघांचंही सांगता येत नाही म्हणाले. मग विचारलं, पिण्याचं पाणी कुठलं?
उर्वशी माझ्याकडे न बघता बोलली. विहीर दिवाळीपासून मचूळ झालीय. खाडी वरून थांबली तरी जमिनीतून झिरपते. गोड पाणी सड्यावरच्या झऱ्याचं. सडा चढवेना तेव्हापासून ती विहिरीचंच पीत होती. घर वर गेलं असतं तर झरा दारातच होता. "म्हणून त पेला आणून राह्यलती, बाबा. मी तोंडानं सांगतलं असतं त मामंजीले लागलं असतं, त्याइच्या विहिरीले नाव ठेवलं म्हणून. तुमच्या जिभेनंच समजलं असतं."
बसमध्ये तिच्या शेजारी बसलो होतो. मीठ कमी खा म्हणालो होतो मी तिला. समितीवाल्यांना वेशीवरून परत लावायला निघालेला मी.

६ ऑगस्ट
मुलगी झाली. दिवसांआधी, अगदी एवढीशी. दोघी वाचल्या. व्याहीबुवांचा आनंदानं फोन : आता तुम्हाला आमच्याकडचं पाणी चालेल!

१९ नोव्हेंबर
उर्वशीला आणि बाळाला पोचवायला आलो. कॅन आणला नाही. व्याहीबुवांनी पेला पुढे ठेवला. गोड लागलं. राजदीप पहाटे सड्यावर जाऊन खास माझ्यासाठी घेऊन आले होते.
माझं चुकलं, घर वर न्या, हे वाक्य बसमध्ये घोकलं होतं. म्हणालो. व्याहीबुवा म्हणाले, "छे छे, तुमच्यामुळं तर बांध झाला. आणि वरची जागा आता कुठाय? तुम्ही नको म्हणालात तेव्हाच भावाला देऊन टाकली. त्याचं घरसुद्धा उभं राहिलं."
मग मी विहिरीचं पाणी मागितलं. पाहुण्याला ते देत नाही म्हणाले. उर्वशी आत जाऊन घेऊन आली.
तोंडात धरलं. गिळता आलं नाही. ओट्याखाली थुंकलो.
कसं लागलं ते तिनं विचारलं नाही. बाळ माझ्याकडे दिलं, पेला घेतला आणि भातासाठी पाणी काढायला विहिरीवर गेली.