आईंचा आवाज कॉपी होताना

प्रिय आई,

तुम्ही गेल्यावर तुम्हाला पत्र लिहीन असं मला कधी वाटलं नव्हतं. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात तुम्ही दुसऱ्यांदा जाता जाता राहिलात. तुमच्या लेकाला, श्रीधरला सांगितलं तर तो म्हणेल, "आता सगळं नीट आहे ना?" अण्णांना सांगून उपयोग नाही. मग राहिलं कोण? तुम्हीच!

तुमच्या घशाच्या ऑपरेशनआधीचे ते दिवस आठवतात? डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल, त्यानंतर बोलता येणार नाही. आवाज रेकॉर्ड करायला मी लॅपटॉप उघडून तुमच्यासमोर ठेवला, तर तुम्ही म्हणालात, "अय्यो, मी काय रेडिओ आहे?" आणि मग बोलायला लागलात ते थांबेचनात! बिसीबेळे भाताचा मसाला, माझ्या सातारी मराठीची नक्कल, तलकाडची सहल. शेवटी अण्णांसाठी वेगळं एक रेकॉर्डिंग केलंत. "माझ्या हाकेशिवाय हे पानावर बसत नाहीत," म्हणालात.

तेव्हा आम्ही हसलो होतो. ते किती खरं होतं हे तुम्ही गेल्यावर कळलं. अण्णांची स्मरणशक्ती विरत गेली. ताट समोर ठेवलं तरी ते नुसते बघत बसायचे. एकदा श्रीधरनं सहज ते रेकॉर्डिंग लावलं. तुमची म्हैसूरची, कानडी मिसळलेली मराठी घरभर घुमली : "अहो, ऊट करायला या. सारू निवतंय. सुम्ने उगाच पेपर धरून बसू नका. हात धुवा." आणि अण्णा उठले! काही बोलले नाहीत, पण हात धुवून आले आणि पोटभर जेवले. तेव्हापासून रोज दुपारी तुम्ही हाक मारता आणि ते जेवतात. चालतंय ना, मग राहू दे, असं म्हणत त्या जुन्या लॅपटॉपला कुणी हातच लावला नाही.

मग तो उशिरा सुरू व्हायला लागला. एके दुपारी आतून टक् टक् असा आवाज आला, पाल चुकचुकावी तसा. तुम्ही "सारू" म्हणालात आणि पडदा गोठला. श्रीधरनं बंद करून सुरू केला, परत बंद, परत सुरू.

"श्रीधर, थांब! हात लावू नकोस!" मी किंचाळलेच.

"अगं, ते दुरुस्त करू का म्हणून विचारतंय. करू दे की."

"नको. आतली डिस्क मरायला लागलीय. दुरुस्त करायच्या नादात आहे तेही पुसलं जाईल."

आई, मी दिवसभर कॉम्प्युटरवरच काम करते. अशा वेळी काय करायचं हे मी ऑफिसात दहाजणांना सांगत असते. पण तिथे आत कुणाची सासू नसते हो!

खरं तर डिस्क तशीच बेंगळुरूला पाठवायला हवी होती. तिथे ती उघडून आतलं काढणारे लोक आहेत. पण ते म्हणाले, महिना तरी लागेल. आणि इकडे अण्णा जेवेनात. भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायचे. मनगटं काडीसारखी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नळी घालावी लागेल. नळी! तुम्हाला घातलेली नळी आठवून श्रीधर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी मी एक वेडेपणा केला. स्वयंपाकघराच्या दाराआडून तुमच्यासारखी हाक मारली, "अहो, ऊट करायला या." अण्णा चटकन उठले. दारापर्यंत आले आणि मला पाहून भिंतीला टेकले. त्यांचे ओठ कापत होते. "तू कोण? ती कुठं आहे? तिला काय केलंस?" मी मागे सरले तर ते आणखी घाबरले. म्हैसूरच्या विजयनगरमधल्या आपल्या त्या लख्ख घरात, भर दुपारी, मला पहिल्यांदा स्वतःचीच भीती वाटली. मला रागावाल ना? रागावा.

रविवारी सकाळी मी श्रीधरला म्हटलं, "बेंगळुरूची वाट नको बघू या. मी करून बघते. पण मध्येच डिस्क गेली तर आईंचं सगळं गेलं समज."

त्यानं अण्णांच्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आईला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती? आधी ह्यांना जेवू घाल."

मी जुन्या लॅपटॉपचे स्क्रू काढले, डिस्क बाहेर घेतली आणि केबलनं माझ्या लॅपटॉपला जोडली. दिसेल की नाही? दिसली! तुमच्या नावाचा फोल्डर उघडला. आधी अण्णांची फाइल. वाचता न येणारा भाग सोडून पुढे जाणारा एक प्रोग्रॅम असतो, तो लावला. पडद्यावरची पट्टी सरकली, निम्म्यावर येऊन थांबली. टक्. टक्. टक्. श्रीधरनं माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले. मी देवाला नाही, तुम्हालाच म्हणत होते, "आई, या ना! थोडंच राहिलंय!"

पट्टी हलली. फाइल आली. मग मसाला आला, माझी नक्कल आली. तलकाडची फाइल सुरू झाली आणि टकटक बंद पडली. डिस्क एकदम शांत. ती पुन्हा दिसली नाही. आता बेंगळुरूला पाठवलीय, पण फार आशा धरू नका म्हणालेत. तलकाडच्या वाळूत तुमची चप्पल रुतली, अण्णा शोधायला गेले, एवढं मला आठवतं. पुढे काय झालं हो? चप्पल मिळाली का? कुणाला विचारू?

दुपारी अण्णांना पानावर बसवून फाइल लावली. "अहो, ऊट करायला या. सारू निवतंय." आणि पुढे नुसती शांतता. तेवढा तुकडा डिस्कनं गिळला होता. श्रीधर बंद करायला पुढे झाला.

तेवढ्यात अण्णा बोलले. "आलो, आलो. ओरडू नकोस ग."

आणि पलीकडून तुम्ही म्हणालात, "हात धुवा."

आई, तुमची पूर्ण वाक्यं होती तेव्हा त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं! ते जेवले. सारू दोनदा मागून घेतलं. श्रीधर ताटावरच रडत होता आणि अण्णा त्याला म्हणत होते, "तिखट लागलं का?"

आता तुमचा आवाज माझ्या फोनमध्ये आहे, श्रीधरच्या फोनमध्ये आहे, आणखी तीन ठिकाणी आहे. तरी भीती जात नाही. यंत्राची नाही, अण्णांची. एक दिवस आवाज लख्ख वाजेल आणि त्यांना तो कुणाचा हे कळणार नाही. तेव्हा मी कुठली केबल जोडू?

तो दिवस आला तर मी दाराआड लपणार नाही. तुमची नक्कल करणार नाही. त्यांच्यासमोर बसून, माझ्याच सातारी मराठीत, मी कोण ते रोज सांगेन, आणि मगच घास पुढे करीन. हे माझं तुम्हाला वचन.

तुमची सून,
मेधा