हाड शाबूत

३ फेब्रु., मंगळ. भोर.
दुपारी अप्पा आले, माझ्या एक्स-रेच्या खोलीत. धाकटे चुलते. वेल्ह्याहून टेम्पोनं, सोबत काकू. गावाच्या वरच्या अंगाला फार्महाउसवाल्यांनी झऱ्याची वाट तारेनं बंद केली आहे. अप्पा सकाळी म्हशी घेऊन तिथूनच गेले. राखणदारानं रबरी गोळी झाडली. डाव्या गुडघ्याच्या मागे. रुपयाएवढा काळानिळा डाग, कातडी फाटलेली नाही.
काकू : "नुसती भ्या दावायची बंदूक हाय म्हनं. मानूस मरत न्हाई तिनं."
अप्पा : "म्हस जाग्यावरनं हालली न्हाई. म्याच आडवा."
दोन एक्स-रे. समोरून, बाजूनं. डॉ. जेवायला गेलेले. काकूनं विचारलं, कसं हाय? म्हटलं, हाड शाबूत आहे. दिसत होतं तेवढंच बोलले.
काकू उठलीच. डॉक्टरांसाठी थांबा म्हटलं. अप्पा : "हाड बरं हाय, मग त्यो काय निराळं सांगनार?" टेम्पो खाली हॉर्न वाजवत होता. पुन्हा म्हटलं नाही.

४ फेब्रु., बुध.
सकाळी काकूचा फोन. पाय गार पडलाय, मुंग्या येतात. रात्रभर गरम विटेनं शेकलं.
म्हटलं, अंगठ्याला चिमटा काढ.
"काडला की."
काय म्हणाले?
"आजून 'काड' म्हनत्यात."
शेक बंद करायला सांगितलं. भोरला नको, थेट पुण्याला न्या. रजा टाकून निघाले.

५ फेब्रु. पुणे.
काल ऑपरेशन. सर्जननी कागदावर काढून दाखवलं. गोळीच्या दणक्यानं गुडघ्यामागच्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं. आधी रक्त जात होतं, मग गुठळीनं वाट बंद. उजव्या मांडीतली शीर काढून तिथे जोडली. सुजेचा दाब सुटावा म्हणून पोटरी दोन्ही बाजूंनी चिरून उघडी ठेवली आहे. पावलावर विटेचे फोड. अप्पांना कळले नव्हते.
सर्जननी विचारलं, "मार लागल्यावर कुणी पाहिलं होतं का?"
एक्स-रे काढला होता, म्हटलं. कुणी काढला, ते सांगितलं नाही.
साध्या एक्स-रेत रक्तवाहिनी दिसत नाही. कोर्सच्या पहिल्या वर्षाला असतं हे.

७ फेब्रु., शनि. भोर.
कपडे न्यायला आले. मशिनवर एक्स-रे पुन्हा उघडले. चांगले आलेत. नाव बरोबर, बाजू बरोबर.
पाय टेबलावर नीट ठेवताना मी पाऊल धरलं होतं. गार होतं का, आठवत नाही. त्या खोलीत एसी असतो, सगळ्यांचेच…

९ फेब्रु., सोम. पुणे.
उद्या पट्टी सोडून ठरवणार, पाय ठेवायचा की गुडघ्याखाली काढायचा. काकूला सांगितलंय. अप्पांना नाही.
संध्याकाळी काकू चहाला गेली तेव्हा अप्पा म्हणाले, "पोरी, बोटं हायत का बघ. मला कायच कळंना."
चादर उचलली. अंगठा आणि शेजारचं काळं.
"आहेत," म्हटलं. "पाची."
"मग झालं," म्हणाले, आणि डोळे मिटले.
चादर अजून माझ्या हातात होती. म्हटलं, अप्पा, थांबा. सगळं सांगितलं नाही मी.