आजोबांचं रिव्हॉल्व्हर आणि कारखान्याचं पत्र

ड्राय फोर्क, वायोमिंग
३ मार्च १९९६

चि. क्लिओस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा आल्याचा केक पोचला. भाजला होतास की उन्हात वाळवला होतास, ते कळव. उरलेले दात कसेबसे वाचले.

आता माझं दुखणं ऐक. माझ्या कपाटात जुनी अठरा रिव्हॉल्व्हरं आहेत, पण गावच्या संग्रहालयाला हवं आहे ते आपल्या आजोबांचंच. टपालगाडीचे रखवालदार आमोस हॅस्केट यांनी ते कमरेला लावून वीस वर्षं काढली, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी संग्रहालयाच्या थॉर्पबाईंना पुरावा हवा. रिव्हॉल्व्हरवरचा नंबर कळवला की ते बनवणारा कारखाना जुन्या वह्या चाळून, ते कधी आणि कोणाला धाडलं याचं पत्र देतो. हल्ली त्या पत्राशिवाय कोणी संग्राहक मालाकडे ढुंकून पाहत नाही. मी म्हटलं, हॅस्केटांचा शब्द पुरेसा नाही काय? तर बाईंनी पाहायला म्हणून ते नेलं आणि मला न विचारता पत्र मागवलंसुद्धा. २० एप्रिलला सगळ्या गावासमोर वाचणार आहेत. माझी झोप उडाली आहे ती या अपमानाने, दुसरं काही नाही.

गुडघ्याला जप. लोभ आहे तसा राहू दे, केक मात्र बदल.

तुझा
ऑरिनदादा

लिंकन, नेब्रास्का
११ मार्च १९९६

ति. दादास क्लिओचा सा. न. वि. वि.

केकवरून नंतर भांडू. आधी खुर्चीत बस.

ते रिव्हॉल्व्हर आजोबांचं नाही. १९५२ साली तू कोरियात लढत होतास, तेव्हा शेजारचा डेल प्रुइट म्हणाला की भरल्या नदीत घोडी घालायची मुलींची छाती नसते. मी रुबाबासाठी आजोबांचं रिव्हॉल्व्हर पट्ट्यात खोचलं आणि घातली घोडी. मी बाहेर आले, घोडी आली, रिव्हॉल्व्हर आलं नाही.

बाबा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन सोरेन्सनच्या जुन्या सामानाच्या दुकानातून हुबेहूब तसंच घेऊन आले. खणात ठेवताना म्हणाले, ऑरिनला कळवू नकोस, परमुलखात जिवाला लावून घेईल. मग आठवडाभर जेवताना मध्येच हसत होते. मला वाटलं, काळजीने डोक्यावर परिणाम झाला.

दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला तू ते हातात धरून आजोबांवर भाषण करतोस आणि मी मान खाली घालून बटाटे गिळते. आता ते पत्र आलं की चारचौघांत तू खोटा पडशील, आणि खोटं तर माझं आहे. काहीही सबब सांग, पण रिव्हॉल्व्हर परत आण. नाहीतर सरळ माझं नाव घे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मला सोसणार नाही रे.

आजवर केलास तो लोभ पुढे करशील की नाही, एवढंच कळव.

तुझी
क्लिओ

ड्राय फोर्क
२१ एप्रिल १९९६

चि. क्लिओस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन महिना झाला. उत्तर लिहायला धीर झाला नाही, कारण तू बुडवलंस ते आजोबांचं नव्हतंच. लष्करात जाण्यापूर्वी मी आजोबांचं रिव्हॉल्व्हर सोरेन्सनला देऊन त्याच्याकडचं नक्षीदार खोगीर आणलं, आणि खणात तसंच दिसणारं एक स्वस्तातलं ठेवून दिलं. तू चव्वेचाळीस वर्षं झुरलीस ती माझ्या भंगारासाठी. आणि भाषणं ठोकणारा भामटा मीच.

काल सभागृह भरलं होतं. पत्र वाचण्याआधी सगळं कबूल करायचं ठरवून मी टायसुद्धा बांधला होता. उभा राहतो न राहतो तोच थॉर्पबाईंनी वाचलं: सन १८८४, एक नग, श्री. आमोस हॅस्केट, ड्राय फोर्क. मी मटकन खाली बसलो. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. खरंच गहिवरलो होतो.

घरी येऊन तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा उलगडा झाला. तू बुडवलंस त्याच्या बदल्यात दुसरं आणायला बाबा सोरेन्सनकडे गेले आणि तिथे त्यांना त्यांच्या वडिलांचंच दिसलं. कोणी आणून दिलं, हे सोरेन्सनने सांगितलंच असणार. तुला त्यांनी गप्प राहायला सांगितलं आणि मला मरेपर्यंत एका शब्दाने विचारलं नाही.

मी कोरियाहून परतलो तेव्हा ते खोगीर खुंटीवर मऊ, चकचकीत होतं. आई म्हणाली, तू गेल्यापासून बाबा दर रविवारी त्याला तेल लावतात. मला वाटलं होतं, त्यांना काही कळलंच नाही.

लोभ आहेच, तो विचारायचा नसतो.

तुझा
ऑरिनदादा